एकक न लिहिल्याबद्दल अर्धा गुण

मी आज जो काही आहे तो आमच्या निपाणीकडच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांमुळे. घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजचा अर्जसुद्धा सरांनीच भरून दिला. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की ते अर्धा गुण कापत. माझे असे बरेच अर्धे गुण गेले.

पुढे बेंगळुरूत, हेब्बाळजवळच्या एका संस्थेत मी संशोधनाला लागलो. विषय असा की, ग्रहांची वस्तुमानं वाढली तर ग्रहमाला किती काळ टिकते. ग्रह जड आणि जवळजवळ असले की एकमेकांना ओढून कक्षा बिघडवतात; शेवटी एखादा बाहेर फेकला जातो. हे मी चहाच्या दुकानातही सांगायचो, कुणी विचारलेलं नसताना.

पहिलंच गणित संगणकावर चालवलं. पाच अवजड ग्रह, दाटीवाटीनं मांडलेले, आणि दहा कोटी वर्षं कुणाची कक्षा हलली नाही. मार्गदर्शक मॅडमना दाखवण्याआधी मी सरांना पत्र टाकून मोकळा झालो. सरांनी ते परिपाठाला वाचलं आणि शाळेच्या फळ्यावर, सुविचाराच्या जागी, माझं नाव लिहिलं. फोटो आईनं पाठवला.

मॅडम बेंगळुरूच्याच जुन्या मराठी घरातल्या, बोलताना मधेच कन्नड येई. आलेख बघून म्हणाल्या, "फार गुणी ग्रह आहेत की हो तुमचे. भांडतच नाहीत. वस्तुमान कशात घातलंय?"

"पृथ्वीच्या पटीत."

"आणि ज्या तक्त्यातून आकडे घेतले, त्यात?"

तक्त्यात गुरूच्या पटीत होतं. गुरू पृथ्वीच्या तीनशेपटींहून जड. मी पाच हत्तींच्या जागी पाच चिमण्या फिरवत होतो.

"सरी, ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "स्वल्प कॉफी घेऊन या, मग परत चालवू."

कॉफी निवायच्या आत पडद्यावर दुसऱ्या क्रमांकाचा ग्रह ग्रहमालेबाहेर गेला.

गप्प बसलो असतो तर गावात कुणाला कळलं नसतं. सर फळा कुणाला पुसू देत नाहीत, असं आई सांगत होती. दोन दिवस मी 'तब्येत कशी आहे' एवढंच लिहून कागद फाडले. तिसऱ्या दिवशी पाठवलं ते हे:

आदरणीय सर,
सा. न.
फळ्यावरचं माझं नाव पुसावं. ती ग्रहमाला दहा कोटी वर्षं टिकत नाही, चार हजार वर्षांत मोडते. मी वस्तुमानाचं एकक पाहिलं नव्हतं. तुम्ही आठवीपासून सांगत होता. हे पत्रही परिपाठाला वाचावं, मुलांच्या उपयोगी पडेल. अर्धा गुण कापावा. पद्धत मात्र बरोबर होती, तिचे गुण द्यावेत ही विनंती.
आपला विद्यार्थी