सायवनचा कट्टा कुणी मापला?

आज पाटी लावायच्या कार्यक्रमाला सगळ्यांत आधी कोण आलं असेल? सरपंचबाईंची जाऊ! नवी साडी, गजरा, जसा काही सत्कार तिचाच. मग इंजिनियर साहेब, मग डॉक्टरीणबाई.

बायांनो, आपल्या सायवनच्या बस थांब्यावर भाजीची टोपली टेकवायला छातीएवढा कट्टा झालाय ना, त्यामागच्या संशोधनाला बक्षीस मिळालं. आज तिथं पाटी लावली. त्यावर साहेबांचं नाव आहे, डॉक्टरीणबाईंचं आहे, आणि माझी नात सुनंदा कुठंच नाही!

साहेबांनी कट्टा गुडघ्याएवढा काढला होता. वाकून डोक्यावर टोपली चढवायची कुणी? सुनंदानं बायांना टोपल्यांसकट उभं करून मापं घेतली, तेव्हा तो वर गेला. एवढी हुशार पोर माझी!

मी उठलेच. "साहेब, पोरीचं नाव?"

"आजी, खाली 'ग्रामस्थ' लिहिलंय की."

"माझ्या नातीचं नाव ग्रामस्थ नाही!"

बाया खो खो हसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजींचं खरंय. मी बायांची मानदुखी तपासली, पण कट्ट्याची उंची सुनंदानं सांगितली." साहेबांनी पाटी उतरवली.

अजून डोकं तापलंय माझं. तुम्ही गप्प बसला असता का?

सुनंदाचं नाव घालून मंगळवारी पाटी घेऊन येतो म्हणालेत साहेब.