निजायची नोकरी

धारगळच्या सुशीलेला देवाने एक गुण सढळ हाताने दिला होता. तिला कुठेही, कधीही झोप लागे. सत्यनारायणाच्या पूजेत साधुवाण्याची नाव बुडायच्या आतच हिची मान खाली. नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला गेली तर रांगेत उभ्या उभ्या पेंगली, आणि मागच्या बाईने ढोसले तेव्हा देवालाच सांगू लागली, "उठतंय, उठतंय." म्हापशाच्या बाजाराला निघून बसमधून थेट पणजीला उतरण्याचा पराक्रम तर तिने दोनदा केला.

घरात या गुणाचे कौतुक नव्हते. नवरा यशवंत हसून सोडून देई, पण सासू कमलाक्षी सोडणाऱ्यांतली नव्हती. लग्नाला बावीस वर्षे झाली, आणि त्या बावीस वर्षांत सुशीलेची एकही दुपारची झोप पूर्ण झाली नव्हती. डोळा लागला की कानाशी आवाज यायचाच, "उठ गो आळशे, घर कोण बघतलो?"

मोपाचा विमानतळ सुरू झाला तशी गावात नवी माणसे आली. त्यांतलीच एक सुप्रिया, मूळची बेळगावची. हायवेपासून आत, काजूच्या बागेतले एक घर भाड्याने घेऊन तिने साउंड बाथ सुरू केला. म्हणजे माणसे चटईवर डोळे मिटून पडणार आणि ही काशाचे वाडगे नि मोठी थाळी वाजवून त्यांना त्या नादात भिजवणार. अंग सैल पडते, मनावरचा ताण उतरतो, दुखणे हलके होते. सुशीला तिथे केर काढायला नि चटया घालायला लागली. घरी तिने हे सांगितले तेव्हा कमलाक्षी म्हणाली, "पाण्याशिवाय आंघोळ? लोकांका पैशे जड झाले."

पण सुप्रियाचे काही जमेना. दिल्ली-बंगळूरची माणसे यायची आणि डोळे मिटून ताठ पडून राहायची. वाडगा घुमायचा, यांचे चित्त फोनकडे. एके दिवशी लादी पुसून झाल्यावर सुशीला कोपऱ्यात भिंतीला टेकली. पहिला वाडगा वाजला, दुसरा वाजायच्या आत ती भिंतीवरून घसरत खाली आली आणि घोरू लागली. चांगले भरदार, तालात. सुप्रियाला वाटले, आता गिऱ्हाइके उठून जाणार. पण पाच मिनिटांत समोरचा टकलू सैल पडला, मग त्याची बायको, मग अख्खी रांग. जाताना टकलू म्हणाला, असा नाद त्याने जन्मात ऐकला नव्हता.

सुप्रिया हुशार. दुसऱ्या दिवशी तिने सुशीलेला पांढरा कुडता दिला आणि गिऱ्हाइकांच्या मधोमध तिची चटई घातली. "तुम्ही फक्त झोपायचं. पण हे कुणाला कळता कामा नये."

सुशीलेला ती जागा स्वर्गाहून प्यारी झाली. तिथे तिला कोणी हलवून उठवत नव्हते. घरी मात्र तिने केर-लादीच सांगितली होती. सासूला कळले असते तर नोकरी त्याच दिवशी संपली असती.

आणि कमलाक्षीला वास लागलाच. लादी पुसून आलेली बाई इतकी टवटवीत कशी? एका दुपारी चार वाजता ती रिक्षा करून, हातात छत्री घेऊन दारात उभी राहिली.

"मी हिची सासू. हिचा काम बघूक इलंय."

सुशीला पांढऱ्या कुडत्यात, चटईवर. तिचे तोंड कुडत्यापेक्षा पांढरे पडले. सुप्रिया पटकन म्हणाली, "आजी, सुरू झाल्यावर इथे बसता येत नाही. तुम्ही सुशीलाताईंच्या शेजारी आडव्या व्हा. आज सगळ्यांनीच पडायचं आहे."

कमलाक्षी छत्री छातीशी धरून उताणी झाली. "मी निजूचंय नाय. नजर ठेवतलंय."

वाडगे वाजू लागले. जन्मात पहिल्यांदा सुशीलेला झोप येईना. तिने खोटे घोरायचा प्रयत्न केला, तोही फसला. माणसे कुशी बदलू लागली. आता काय करावे या विचारात असताना शेजारून बारीकसा सूर आला.

तिने डोळा किलकिला केला. कमलाक्षी झोपली होती. तोंड थोडे उघडे, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या.

बावीस वर्षांत सुशीलेने सासूला झोपलेली पाहिलीच नव्हती. पोदेर पाव घेऊन यायच्या आधी ती उठलेली, सगळ्यांची भांडी घासून झाल्यावरही जागी, दुपारी जनेलाशी बसून रस्त्यावर नजर. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात यशवंत आणि मागे घरची काजूची बाग. उशाशी कोयता घेऊन ती बाग राखत राहिली, आणि पुढे राखायचे फारसे उरले नाही तरी जागायची सवय गेली नाही. आपल्याला बाई इतकी वर्षे उठवत का होती, हे सुशीलेला आज समजले.

छत्री हातातून सुटू लागली. खाली आपटायच्या आत सुशीलेने ती झेलली.

माणसे उठली, गेली. सुप्रियाने दार हलकेच ओढून घेतले. कमलाक्षी आणखी पाऊण तास झोपली, आणि सुशीला शेजारी बसून डास वारत राहिली. शेवटी म्हातारीच्या पापण्या हलल्या. सुशीलेने छत्री तिच्या हाताखाली सरकवली, झटकन आडवी झाली आणि ठेवणीतले घोरणे सुरू केले.

कमलाक्षीने इकडे तिकडे पाहिले, पदराने तोंड पुसले आणि छत्रीने सुनेला ढोसले. "उठ गो आळशे. लोक कधीच गेले."

सुशीला डोळे चोळत उठली. "मांय, माका कळलाच नाय. तुमी सगळो वेळ जाग्या होत्यात?"

"मगे? कोणीतरी जागा रवाक नको?"

उंबऱ्यात थांबून तिने सुप्रियाला बजावले, "ह्या बायेचो भरवसो नाय. हिच्यार नजर ठेवूक मी रोज येतलंय. माझी चटय हिच्या बाजूकच घाल."