चार स्क्रूंच्या खाली

समजा, तुमच्यासमोर परातीएवढी ॲल्युमिनियमची पातळ चकती ठेवली आहे. तिच्या कडेजवळ तुम्हाला तीस चौकोनी भोकं पाडायची आहेत, प्रत्येक मोहरीच्या दाण्याहून लहान. पण ती एका वर्तुळात नकोत. पहिलं भोक कडेच्या सगळ्यात जवळ, दुसरं बारा अंश पुढे आणि बरोबर एका भोकाच्या रुंदीएवढं आत, तिसरं त्याहून आत, असं करत तिसावं. हातात कंपास, पंच, छोटी हातोडी आणि एक भिंग. एकोणतीस भोकं नेमकी पडली आणि सतरावं केसाच्या जाडीएवढं चुकलं, की सोळा आणि सतरा यांच्यामध्ये फट राहिली. ही चकती दूरचित्रवाणीच्या संचात बसवून मागे दिवा लावला आणि ती गरागरा फिरवली, की चित्र दिसतं. पण चित्रातल्या माणसाच्या चेहऱ्यावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघही दिसते. मग ती चकती भंगारात टाका आणि दुसरी घ्या.

एफी ट्रॉटमन हे काम तीन वर्षं करत होती. तीन वर्षांत तिच्या दोन चकत्या भंगारात गेल्या, त्याही शेजारी काम करणाऱ्या बर्टने तिच्या कोपराला धक्का दिला म्हणून.

कारखाना लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये, घड्याळवाल्यांच्या गल्लीत. खाली हातकाम, वरच्या मजल्यावर संच जोडायचे. दूरचित्रवाणी तेव्हा काडेपेटीएवढी होती: नारिंगी उजेडाचं उभट चित्र, पुढे भिंग लावून बघायचं. एफीने ते कधी पाहिलेलं नव्हतं. खालच्या लोकांनी तेलकट हातांनी वर यायचं नाही, असा नियम होता.

ती मूळची बेडफर्डशरची, लेस विणणाऱ्यांच्या घरातली. लेस विणण्याआधी जाड कागदावर नक्षीची भोकं टोचून घ्यावी लागतात, मग त्यांत टाचण्या रोवून धागे फिरवतात. एफी सहाव्या वर्षापासून भोकं टोचत होती. आई म्हणायची, लेस म्हणजे भोकंच, पण ती आपण ठरवलेली. न ठरवलेलं भोक म्हणजे उसवण. म्हणून शंका आली की धाग्यावर धागा चढव, पण फट सोडू नकोस. एफीने तोच नियम धातूला लावला. तिचं प्रत्येक भोक ड्रॉइंगपेक्षा केसभर रुंद असे, म्हणजे शेजारच्या भोकावर किंचित चढे. त्यामुळे चित्रात कुठे पुसट उजळ रेघ आली तर यायची, काळी कधीच नाही. डोळा उजेड माफ करतो, काळं माफ करत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तिच्या चकत्या इतक्या स्वच्छ का दिसतात हे वरून कोणी विचारायलाही आलं नव्हतं.

लेसवाल्यांची आणखी एक सवय तिच्यात होती. टोचणाऱ्या बाया नक्षीच्या कोपऱ्यात आपली खूण ठेवतात. एफी चकतीच्या मधोमध, जिथे चकतीला आसावर धरून ठेवणारा धातूचा गोल बसतो तिथे, तीन ठिपके टोचायची. गोल चार स्क्रूंनी घट्ट बसला की ठिपके झाकले जायचे. तिच्याशिवाय ते कोणाला माहीत नव्हते.

१९३१च्या सुरुवातीला मिस्टर पेनरिस फोरमन म्हणून आले. त्यांनी स्वतः बनवलेला एक ठसा आणला होता. प्रेसमध्ये चकती घालायची, दांडा ओढायचा, एका दणक्यात तीसही भोकं. दिवसाला चाळीस चकत्या. एफीच्या होत दीड. मालकांनी त्याच आठवड्यात दोनशे संचांची मागणी घेतली आणि पेनरिस यांना वर बोलावून वाईन पाजली.

एफीला काढलं नाही, कारण मोठ्या दुकानांचे लोक प्रात्यक्षिक बघायला येणार होते आणि ठसा अजून नवा होता. पण पेनरिस यांनी तिच्या चकत्यांची मापं घेतली, आणि भोकं रुंद आहेत म्हणून सगळ्यांसमोर तिला उभं केलं.

"ड्रॉइंग वाचता येतं ना तुला?"

"येतं, मिस्टर पेनरिस. पण तंतोतंत पाडलं तर जराशा चुकीनेही फट राहते. काळी रेघ येईल."

"तुला भोकं पाडायला ठेवलंय, ट्रॉटमन. अकलेचे तारे तोडायला नाही."

बर्ट आणि बाकीचे हसले. तिला ते आधीपासून 'चाळण' म्हणत. त्या दिवसापासून 'अक्कलवाली चाळण' झालं. एफीने त्या आठवड्यात तीन चकत्या ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत पाडल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने भोकाशेजारी भोक असं ठेवलं, की शिवणीत सोडतात तेवढ्या मायेलाही जागा नाही. तिन्हींवर ठिपके टोचले. ठशाच्या सहा आणि तिच्या तीन, अशा नऊ चकत्या वर गेल्या.

प्रात्यक्षिकाला एक गाणारी बाई आणली होती. ती शेजारच्या अंधाऱ्या खोलीत, उजेडाच्या झोतासमोर गात होती; पाहुणे या खोलीत भिंगातून बघत होते. बाईच्या नाकाच्या बरोबर मधून काळी रेघ. पहिल्या पाहुण्याने विचारलं, या बाई दोन तुकडे शिवून बनवल्या आहेत का? मग प्रत्येक जण वाकून बघायचा आणि हसून बाजूला व्हायचा. मालकही त्यांच्याबरोबर हसले. पाहुणे गेल्यावर ते खाली आले तेव्हा हसत नव्हते.

"कुणाची चकती?" एवढंच त्यांनी विचारलं.

पेनरिस म्हणाले, ट्रॉटमनची. खास दिवस म्हणून हाताने केलेलीच बसवली होती.

एफी उठून उभी राहिली. ती म्हणाली, साहेब, माझ्या प्रत्येक चकतीवर आसाच्या गोलाखाली तीन ठिपके असतात. चार स्क्रू काढा आणि बघा.

मालकांनी पेनरिस यांच्याकडे पाहिलं. चकती ठशातून निघालेली असेल, तर दोनशे संचांच्या चकत्याही त्याच ठशातून निघणार होत्या. चकती एफीची असेल, तर फक्त एफी होती. हा हिशेब मालकांनी तिथेच उभ्याउभ्या केला, आणि चकती खरंच कोणाची हे जाणून घेण्याची त्यांची इच्छा तिथेच संपली.

वरच्या मजल्यावरचा तरुण इंजिनिअर ऑब्रे टिलिंग जिन्याजवळ उभा होता. ती चकती त्यानेच बसवली होती. त्याच्या वरच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दिसत होती. एफीने त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

"चल," पेनरिस म्हणाले, "काय करून ठेवलंस ते बघ तरी."

तिला तेलकट हातांनीच वर नेलं. बर्टला झोतासमोर बसवलं. एफी भिंगाला डोळा लावून वाकली. तीन वर्षं ज्याच्यासाठी भोकं पाडली, ते तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नारिंगी उजेडात बर्टचं डोकं थरथरत होतं, आणि मधोमध ती रेघ. बर्टला पढवून ठेवलं होतं. त्याने जीभ बाहेर काढली, रेघेवरून इकडून तिकडे फिरवली, आणि मागे उभ्या असलेल्यांनी टेबल बडवलं.

एफी सरळ झाली. म्हणाली, "माझ्या हातून चुकलं असतं तर रेघ उजळ आली असती. काळी नाही. मी फट ठेवत नाही."

टिलिंगने मान वर केली. यातलं बरोबर काय ते त्या खोलीत त्याला एकट्याला कळत होतं.

पेनरिस अगदी मायेने म्हणाले, "पण या आठवड्यात तर तू ड्रॉइंगप्रमाणे पाडलीस ना, ट्रॉटमन? मी सांगितलं तशी? मग फट कुणी ठेवली?"

हा प्रश्न एफी तेव्हापासून स्वतःला विचारत आली आहे.

मालकांनी तिला कामावरून काढलं आणि जाताना एक पत्र दिलं, चांगल्या कागदावर. प्रामाणिक, वक्तशीर, स्वच्छ राहणारी. परंतु वयोमानाने हाताची अचूकता राहिलेली नाही. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. बारीक कामाच्या ज्या ज्या कारखान्यात तिने ते पत्र दाखवलं, तिथे शेवटची ओळ वाचून पत्र घडी घालून परत मिळालं. कामगारांनी निरोपाची भेट दिली: गुलाबी फीत बांधलेली पिठाची चाळण. एफीने ती घेतली, थँक यू म्हणाली, आणि घरी नेऊन वापरायला काढली. चांगली चाळण होती. अजून आहे.

शेवटी तिला रसेल स्क्वेअरजवळच्या एका हॉटेलात काम मिळालं. चादरी आणि रुमाल उजेडासमोर धरायचे, भोकं शोधायची आणि शिवायची.

सहा वर्षांनी त्याच हॉटेलात दूरचित्रवाणीच्या इंजिनिअरांची मेजवानी होती. तोवर फिरत्या चकत्या मोडीत निघाल्या होत्या. चित्र आता काचेच्या नळीत, शंभरपट बारीक येत होतं. एफीचा कारखानाही तिला काढल्यावर दोन वर्षांतच बंद पडला होता आणि त्यातलं सगळं भंगारवाल्याने नेलं होतं. जेवणाआधी एक गृहस्थ शर्टाची तुटलेली गुंडी घेऊन कपड्यांच्या खोलीत आला. ऑब्रे टिलिंग. अंगाला सूट शोभत होता.

शर्ट काढायला वेळ नव्हता. एफीने त्याच्या छातीजवळ वाकून गुंडी शिवायला घेतली. त्याने तिला ओळखलं ते तिच्या हातांवरून, असं ती सांगते.

सुई आत-बाहेर होत असताना तिने विचारलं, "ती चकती, मिस्टर टिलिंग. कुणी उघडली होती का नंतर?"

"मी उघडली होती," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी. सगळे गेल्यावर."

एफीची सुई थांबली. ती म्हणते, माझ्या हातात सुई होती आणि समोर त्याचा गळा होता, आणि तरी मी नीट विचारलं.

"मग?"

बाहेरून कोणीतरी त्याला हाक मारली. भाषणं सुरू होणार होती. त्याने खाली गुंडीकडे पाहिलं, धागा पक्का झालाय का ते बोटाने ओढून बघितलं.

"आता त्याचं काय, मिस ट्रॉटमन," तो म्हणाला. "चकत्याच गेल्या." आणि कोट सारखा करत तो निघून गेला. दार बंद होईपर्यंत तिला टाळ्या ऐकू आल्या.

आता एफी आमच्या घराच्या तळमजल्यावर राहते. वरच्या मजल्यावर माझा संच आहे, मी तो स्वतः जोडला आहे. रविवारी गल्लीतली निम्मी माणसं बघायला येतात. ती येत नाही. मी याच विषयात शिकलो म्हणून मला मात्र चहाला बोलावते, पाव आणि त्याला लावायला भाजलेल्या मांसाची चरबी पुढे करते, आणि टेबलावर बोटाने एक गोल काढून त्याच्या मधोमध तीनदा टोचते.

"हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं रे त्याला. माझी असती तर माझी म्हटलं असतं मी. तू शिकलास ना हे सगळं, मग तू सांग. त्या चार स्क्रूंच्या खाली माझे ठिपके होते का?"