स्टेपनीखालची दोन पुस्तकं

आधीच सांगून टाकतो : बोर्डीला चोरी झालीच नव्हती. वैशालीची दोन पुस्तकं मीच, तिच्या नवऱ्याने, नाशिकहून निघायच्या पहाटे तिच्या पिशवीतून काढून डिकीत स्टेपनीखाली सरकवली होती.

कारण सांगायलाही लाज वाटते. लेक शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर प्रत्येक सुट्या भागाकडे संशयाने बघायचं आणि घरी यावं, तर वैशाली रहस्यकथेत बुडालेली. मध्येच एकटी हसते. "काय झालं?" विचारलं, तर "काही नाही, तुम्ही जेवून घ्या." निदान समुद्रावर तरी आमच्यामध्ये पुस्तक नको, असं मला वाटलं.

आदल्या दिवशी ती कपाटापुढे बसून पुस्तकं निवडत होती. "समुद्रावरचं पुस्तक एका हातात मावायला हवं," ती म्हणाली. "आत वाळू गेली तरी हळहळ वाटू नये. आणि डुलकी काढून उठलं, तरी खून कुणी केला ते कळायची घाई तशीच हवी." मी इतिहासाचा एक जाडजूड खंड उचलला. "हा वाचायला नेताय की उशाला?" तिने विचारलं.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. घाट उतरलो तशी हवा दमट झाली आणि सदरा पाठीला चिकटला. बोर्डीत शिरताना दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या (बागा), पुढे सुरूची रांग. ओहोटी होती, समुद्र इतका आत गेला होता की तो आहे की नाही, याचीच शंका यावी.

मुक्काम पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या लताताईंच्या घरी होता. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या ओसरीत पाहुण्यांनी मागे ठेवलेल्या पुस्तकांची एक फळी होती. आम्ही किनाऱ्यावर फिरून आलो, तेव्हा वैशालीने पिशवी पलंगावर पालथी केली.

"अहो, मी स्वतःच्या हाताने ठेवली होती! आपण गेलो तेव्हा खोली उघडीच होती ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "असतील कुठेतरी."

मग तिला फळीवर तिच्या हरवलेल्या रहस्यकथांच्याच मालिकेतलं एक पुस्तक दिसलं. जेवताना तिने सगळ्यांदेखत विचारलं, "लताताई, खोली झाडायला कोण जातं?"

"मीच."

"माझी दोन पुस्तकं दिसत नाहीत."

सटाण्याचे एक कांदा व्यापारी सहकुटुंब आले होते. ते हसले. "पुस्तकं कोन चोरी व्हो वहिनी? सोनं शे (आहे) का ते?" लताताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात बोंबील वाढले आणि मी ते खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा जग खोलीच्या उंबऱ्याबाहेर होता. "आत ठेवा की," मी म्हणालो. "नको. तुमच्या वस्तू असतात," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

वैशाली खोलीला कुलूप लावू लागली. किनाऱ्यावर ती रिकाम्या हातांनी बसायची. माझा इतिहासाचा खंड चटई उडू नये म्हणून चटईच्या कोपऱ्यावर ठेवलेला. ती माझ्याशी बोलत होती हे खरं, पण फक्त लताताईंविषयी : त्या कधी खोलीपाशी आल्या, फळीकडे कशा बघत होत्या. ताडगोळे सोलता सोलता मी हं हं करत होतो. येताजाता डिकी बंद आहे ना, ते चाचपत होतो.

निघताना लताताईंनी चिकू दिले, तेही माझ्याच हातात. वैशालीने साधं "येतो" म्हटलं नाही.

जव्हारच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. "तू सावलीत बस," मी घाईने म्हणालो. स्टेपनी उचलली. एका मुखपृष्ठावर ग्रीसचा डाग पडला होता. वैशालीची पाठ माझ्याकडे होती. पुस्तकं सीटखाली सारून घरी कपाटात ठेवता आली असती. ती घरीच राहिली होती असं समजून तिने स्वतःलाच बोल लावला असता. पण लताताईंचा पाण्याचा जग उंबऱ्याबाहेरच राहिला असता.

"वैशाली, इकडे ये."

तिने पुस्तकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कारणही सांगितलं.

"माझ्याशी बोलायचं होतं, तर बोलायचं होतं ना," ती म्हणाली. "मी त्या बाईवर डोळे रोखून बसले, आणि तुम्ही बोंबील खात होतात?" मग म्हणाली, "चाक बसवा. गाडी मागे वळवा."

उतारावर ती ग्रीसचा डाग असलेलं पुस्तक वाचत होती. एकदाही हसली नाही. मला वाटून गेलं, तिचं ते एकटीचं हसू घरात होतं, तेच बरं होतं.

पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती. सटाण्याचे पाहुणेही होते. लताताईंच्या हातातला डाव थांबला.

"आता काय हरवलं?"

"काही नाही, ताई. पुस्तकं माझ्याच गाडीत होती. हिच्यापासून मीच लपवली होती. तुमच्यावर आळ आला, आणि मी गप्प बसून तुमच्या हातचं जेवलो. या सगळ्यांसमोर तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, म्हणून यांच्यासमोरच सांगतो. चूक माझी आहे. मला माफ करा."