शंख आणि दाढ

करंजाड्यातल्या आमच्या दत्तमंदिरात संध्याकाळच्या आरतीला शंख मी वाजवायचो. गेल्या पावसाळ्यात ते सोडलं. खोकला झालाय, असं पुजारीकाकांना सांगितलं. खरं म्हणजे हिरड्यांतून रक्त यायचं, खालची दाढ ठणकायची, आणि मला एचआयव्ही आहे. देवळातला शंख एकच. माझ्यानंतर तो दुसरं कुणी तोंडाला लावणार, या विचाराने माझा हातच पुढे होईना. आजाराचं घरात फक्त बायकोला ठाऊक.

गोळ्या मी नेमाने घेतो, रिपोर्टही चांगले येतात. गोळ्या देणाऱ्या मॅडम दर वेळी बजावायच्या, "दातांकडे बघा, या आजारात तोंड सांभाळावं लागतं." पण दातांच्या डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी हाकलून दिलं तर? मी न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात नोकरीला, आणि आमच्या बिल्डिंगमधले निम्मे तिथेच. बातमी फुटायला कितीसा वेळ! म्हणून लवंग दाताखाली धरून दिवस ढकलले. शेवटी गाल सुजला, भाकरी चावेना, गोळ्या गिळतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा बायकोने मला रिक्षात कोंबलं. पनवेल येईपर्यंत दत्तगुरूंना एकच विनवत होतो, की डॉक्टरांनी आजाराचं काही विचारू नये.

दवाखान्यात शेजारी उरणकडची एक मावशी बसली होती. केसात अबोलीचा गजरा, गालाला ओला रुमाल. तिचा नंबर आला तेव्हा ती दारातच थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टर, आदीच सांगते, मना एचआयव्ही हाय. गोल्या रोज खाते. दात काडशील का नाय, ता सांग."

आतून डॉक्टरबाई म्हणाल्या, "काढते की मावशी, या. गोळ्या कोणत्या ते तेवढं दाखवा."

समोरचे एक गृहस्थ उठून कोपऱ्यात जाऊन बसले. मावशी वळून हसली. "बस बाबा, तिथं पंखा पन हाय."

माझ्या पाळीला मी तिचंच वाक्य म्हटलं, फक्त हळू आवाजात. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले, आधी सूज उतरायचं औषध दिलं, पुढच्या खेपेला दाढ काढली, मग हिरड्या साफ केल्या. शंखाचं विचारलं तर म्हणाल्या, "थुंकीने हा आजार पसरत नाही. रक्त थांबलं की खुशाल वाजवा." त्या मावशीचं नाव मात्र विचारायचं राहिलं. ती पुन्हा दिसली नाही.

मी मागितलं होतं की कुणी विचारू नये. महाराजांनी ते मागणं बाजूला ठेवलं आणि बोलायचं कसं, ते मावशीला शेजारी बसवून दाखवलं. आता मी काय हवं ते सांगत बसत नाही. हात जोडतो, पुढचं त्यांच्यावर.

परवा गुरुवारी देवळात गेलो. पुजारीकाकांनी विचारलं, "खोकला गेला का रे?"

"काका, खोकला नव्हताच," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी रोजच्यासारखा शंख धुतला आणि माझ्या हातात दिला.

"दात बरे आहेत ना आता? मग घे. आरतीची वेळ झाली."

पहिली फुंक नुसतीच निसटली. दुसरीला शंख वाजला, आणि मला रडू आवरेना.