उधन्याच्या गल्लीतला पहारा

दोंडाईच्याहून मी सुरतची पॅसेंजर पकडली. माझा धाकटा भाऊ दिलीप सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. त्याच्या पाच वर्षांच्या रूपालीला रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं आणि मी शाळेत रजेचा अर्ज टाकून निघाले. नवापूरनंतर सागाचं रान लागलं, बारडोलीला उसाचे मळे. एरवी या वाटेवर माझ्या तोंडाची टकळी थांबत नाही, पण त्या दिवशी शेजारच्या बाईने विचारलेल्या गावाचं नावही मी धड सांगितलं नाही.

सुरतच्या अलीकडे उधन्याला उतरले. दिलीप फलाटावर होता. त्याच्या गल्लीत घरागणिक आपल्या खानदेशातली माणसं, आणि भिंतीपलीकडे मागांची खटाखट. दारातच वहिनीने मला अडवलं.

"ताई, आधी आंघोळ करा, कपडे बदला. मग पोरीजवळ."

मला रागच आला. नणंदेचं असं स्वागत? आंघोळीनंतर चहा देताना तिने सगळं सांगितलं. औषधांनी रूपालीची ताकद पार खाली गेली होती, साधी सर्दीसुद्धा तिला आडवी करणार होती. सोमवारपर्यंत ताप आला नाही तर पुढचा डोस. आला तर डोस लांबणार आणि रोगाचं फावणार.

"मला बाकी काही कळत नाही," वहिनी म्हणाली. "सोमवार हुकवायचा नाही."

आत खाटेवर रूपाली बसली होती. डोक्यावर एक केस नाही.

"फुई (आत्या), माझं डोकं कसं दिसतं?"

"नारळासारखं."

"मग फोडू नकोस हं," म्हणाली आणि खुदकन हसली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

आता आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कुणी आजारी पडलं की अख्खं गणगोत बघायला लोटतं, आणि नाही गेलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. पर्वत पाटियाहून चुलत सासरे आले, कामरेजहून कुणी आलं, आणि प्रत्येकाला पोरीच्या गालाला हात लावायचा होता. वहिनी सासरच्या माणसांना तोंडावर नाही कशी म्हणणार? मी म्हटलं, "तू आत बघ. दार माझं." उंबऱ्यात पाट टाकून मी ठाण मांडलं.

सचिन गावाहून वहिनीचे मामा केळ्यांचा घड घेऊन आले. कारखान्यातून तसेच, आणि वर खोकत होते.

"मामा, इथूनच विचारपूस करा. आत सोडणार नाही."

"आमी काय परका शेतस का? (आम्ही काय परके आहोत का?)"

"परके असता तर बरं झालं असतं. परक्याला अडवताना इतकं जड जात नाही."

मामा फणकाऱ्याने निघून गेले. केळी तेवढी दारात राहिली. संध्याकाळपर्यंत दिलीपची बहीण फार शिष्ट आहे, असं गल्लीभर झालं. होऊ दे, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला पांढरं फडकं बांधून बसले आणि निराळाच घोळ झाला. सुरतेत प्लेग येऊन गेला होता, लोक ती धावपळ विसरले नव्हते. समोरच्या हंसाबेन हातातलं सूप टाकून उभ्या राहिल्या.

"प्लेग पाछो आव्यो के शुं? (प्लेग परत आला की काय?)"

गल्लीतली दारं धडाधड लागली! मी फडकं खाली ओढून ओरडून ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे लोक बाहेर आले. हंसाबेन मात्र त्या दिवसापासून माझ्या बाजूच्या झाल्या. येणाऱ्याला त्या गल्लीच्या तोंडाशीच गुजरातीत असं काही झापायच्या की निम्मे लोक तिथूनच वळायचे. संध्याकाळी त्यांनी मला पोंक (भाजलेली कोवळी हिरवी ज्वारी) शेवेबरोबर खाऊ घातला. हुरडा खाऊन वाढलेली मी, पण बशी चाटूनपुसून साफ केली.

आणि रविवारी सकाळी मलाच शिंक आली. एक, मग दुसरी. नाक गळायला लागलं. वहिनी आतून बघत होती. तिला बोलायचा धीर होईना, म्हणून मीच पिशवी उचलली आणि हंसाबेनच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथे मात्र मला रडू आवरेना. म्हटलं, देवा, इतक्या जणांना हाकललं आणि आग लावली मीच तर नाही ना?

सोमवारी उजाडताच पलीकडून दिलीप ओरडला, "ताई, ताप नाही!"

रिक्षा आली. टोपी घालून रूपाली बाहेर आली, मला बघितलं आणि धावत सुटणार, तोच स्वतःच थांबली. माझ्यासारखंच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फुई, तिथूनच बोल. जवळ येऊ नकोस."

निघताना पोरीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची, ही आपली पद्धत. मी गल्लीच्या या बाजूने नुसत्या हवेत हात फिरवले आणि बोटं मोडली. कडाकडा वाजली. तिला ऐकू गेली असावीत, कारण रिक्षातून तिने टोपी काढून हलवली.

दुपारी दिलीपने डोस सुरू झाल्याचा निरोप आणला आणि मी संध्याकाळची गाडी धरली. पुढे अजून कितीतरी डोस आहेत. माझी सर्दी गेली की पुन्हा जाणार आहे. दोंडाईच्यात जो तो विचारतो, एवढी लांब गेलीस, येताना पोरीला पोटाशी तरी धरलंस का? मी सांगते, नाही धरलं. सोमवार हुकू दिला नाही.