पुलाच्या अलीकडे कोण राहिलं

पहाटे मोहफुलं गळतात, त्याचा टप्, टप् आवाज अजून माझ्या कानात आहे. सकाळच्या शाळेत आम्ही कविता म्हणायचो आणि खिडकीबाहेर तो आवाज ताल धरायचा. मोहफुलाला भावही असतो, हे मात्र मला पन्नाशी उलटल्यावर डॉ. सुजाता बोरकर यांनी शिकवलं.

गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवीत असे. मॅडम अर्थशास्त्राच्या विभागात नव्याने रुजू झाल्या होत्या. एकदा चिचगडच्या बाजारात पाहतो तर काय, मॅडम मोहफुलांची टोपली पुढ्यात घेऊन भुईवर बसलेल्या.

"सर, घेता का? नाही तं बाजूले सरका, गिऱ्हाईक येऊन राहिले."

ते त्यांचं संशोधन होतं. पावसाळ्यात चिचगडच्या वाटेवरचा नाला भरला की अलीकडच्या गावातल्या बाया अडकून पडत. वाळवलेली मोहफुलं मग गावातल्याच केवलसेठना, ते म्हणतील त्या भावाने द्यावी लागत. मॅडमनी एकाच ढिगाच्या दोन टोपल्या केल्या. एक सेठच्या दुकानात विकली, दुसरी लांबचा वळसा घेऊन बाजारात. पैसे ढिगाच्या मालकिणीला दिले आणि भावातली तफावत सरकारपुढे मांडली. वर्षं गेली, पण पूल झाला.

गावाने त्यांचा सत्कार ठेवला. ऐन हाराच्या वेळी मॅडम बेपत्ता. शोधत गेलो तर केवलसेठच्या, पूल झाल्यापासून ओस पडलेल्या दुकानापुढे उभ्या. ज्यांच्या भावाविरुद्ध भांडल्या त्यांच्याच दारात! सेठ म्हणत होते, "दुकान तो खा गई मॅडम, अब किताब में भी डालोगी?"

परतताना मी विचारलं, "त्यांच्याकडे कशाला जाता?"

"पुलानं कोणाचं भलं झालं ते मी लिहिलं, सर. कोणाचं बुडलं ते त्याच्याच तोंडून ऐकल्याबिगर पुस्तक कसं छापू?"

तेव्हापासून त्या दर साली जातात, सेठ पाठ फिरवतात. पुस्तकातलं ते एक प्रकरण कोरं आहे. प्रकाशक थकले. आता मॅडम साठ वर्षांच्या झाल्या, निवृत्त होत आहेत. पण अर्धं पुस्तक छापायला त्या तयार नाहीत.

अशा कठोर बाईंनी माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर रोज येऊन मला शाळेतल्या कविता वाचून दाखवल्या. शेवटचं यमक जुळलं की म्हणत, "झालं? आता धानाचे भाव ऐका."

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, सेठच्या गावची चढण चढण्याइतके पाय धडधाकट राहोत, आणि ते कोरं प्रकरण...

मॅडमच्या निवृत्तीसाठीचा हा गौरवलेख इथवर लिहिला आणि गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या माझ्या घराचं फाटक वाजलं. दार उघडलं. काठी टेकत केवलसेठ उभे होते.

"मास्टरजी, मॅडम का घर दिखाओ," ते म्हणाले. "पूछते पूछते वो रिटायर हो गई. बोल देता हूँ."